दोन ग्रॅनाइटांची शीव

(ग्वाल्हेर येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो,

ग्वाल्हेरात उभे राहून ग्रॅनाइटावर बोलायचे म्हणजे आधी एक कबुली द्यावी लागते, ती ही की आपल्या शहरात ग्रॅनाइट दिसत नाही. महाराज बाड्यावरून मान वर केली की दिसणारी किल्ल्याची टेकडी माथ्याला विंध्य संघाच्या, म्हणजे विंध्य नावाच्या थरसमूहाच्या, वालुकाश्माची आहे. थरांवर थर बसलेला आणि छिन्नीला दाद देणारा हा दगड होता, म्हणूनच गोपाचलाच्या, म्हणजे याच टेकडीच्या, कड्यात तीर्थंकरांच्या एवढ्या उंच मूर्ती कोरता आल्या. त्याच्या खाली ग्वाल्हेर संघाचे अधिक जुने थर आहेत, आणि या सगळ्याच्या तळाशी, घराच्या जोत्यासारखा, बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट पसरलेला आहे. तो पाहायचा तर झाशीच्या रस्त्याला लागावे. डबरा गाव मागे टाकून सिंध नदी ओलांडावी. सुमारे 75 किलोमीटरांवर दतिया येते, तोवर जमिनीचा चेहरा पालटलेला असतो. सपाट माथ्याच्या टेकड्या संपून एकावर एक रचल्यासारख्या गोलसर धोंड्यांचे ढीग दिसू लागतात. झाशीचा किल्लाही ग्रॅनाइटाच्याच टेकडीवर आहे. 1858 मध्ये झाशी सोडून काल्पीमार्गे ग्वाल्हेरला आलेल्या राणी लक्ष्मीबाई ग्रॅनाइटावरून निघून वालुकाश्मापर्यंत पोचल्या, असे मी वर्गात सांगत असे. मुले हसत, पण खडकांचा क्रम विसरत नसत.

आजचा विषय मात्र ग्रॅनाइट आणि वालुकाश्म यांच्या भेटीचा नाही. एका ग्रॅनाइटाची दुसऱ्या ग्रॅनाइटाशी जिथे गाठ पडते ती जागा कशी शोधावी, कशी वाचावी आणि तिथे माणूस कसा फसतो, एवढेच मला सांगायचे आहे. भूविज्ञानात या जागेला संपर्क म्हणतात. मी आज तिला शीव म्हणणार आहे, कारण गावाच्या शिवेचे सगळे गुण तिच्यात आहेत. ती कागदावर सरळ आणि जमिनीवर वाकडी असते, बरीचशी मातीखाली दडलेली असते, आणि तिच्यावरून भांडणेही होतात.

आधी शब्दांचा हिशोब करू. घरातल्या ओट्यावर बसवलेल्या काळ्या गुळगुळीत फरशीला आपण ग्रॅनाइट म्हणतो, पण ती बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट या वेगळ्याच काळ्या खडकाची असते. दगडाच्या बाजारात जे काही कठीण असते आणि झिलई धरते ते सारे ग्रॅनाइटच्या नावाने विकले जाते. खरा ग्रॅनाइट गारेचे म्हणजे क्वार्ट्झचे काचेसारखे राखी कण, गुलाबी किंवा पांढरे फेल्डस्पार आणि त्यांत विखुरलेले काळे बायोटाइट अभ्रक किंवा हॉर्नब्लेंड यांचा बनलेला असतो. कण नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात, कारण हा खडक जमिनीखाली काही किलोमीटर खोल, सावकाश निवत घडलेला आहे. शिलारस खोलीवर घुसून तिथेच गोठला की जो एक पिंड तयार होतो, त्याला प्लुटॉन म्हणतात. ग्रीक पुराणांतल्या पाताळाच्या अधिपतीचे ते नाव आहे. असे पुष्कळ पिंड शेजारी शेजारी येऊन मैलोगणती प्रदेश व्यापतात तेव्हा त्या समूहाला बॅथोलिथ म्हणतात. दुरून, किंवा लहान प्रमाणाच्या नकाशावर, बॅथोलिथ एकसंध दिसतो, आणि आपल्याकडे पुष्कळ वर्षे ‘बुंदेलखंड ग्रॅनाइट’ असे एकवचनीच नाव चालत आले. प्रत्यक्षात तो एक वाडा नसून एकमेकांना भिंती लावून, कधी एकमेकांच्या भिंती पाडून बांधलेल्या घरांची आळी आहे. आळीत कोणते घर आधीचे हे ओळखायचे असेल तर दोन घरांमधली भिंत पाहावी लागते.

शिवेवर जाऊन प्रश्न सोडवण्याची ही रीत ग्रॅनाइटाच्या अभ्यासाइतकीच जुनी आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ग्लेन टिल्ट नावाच्या खोऱ्यात 1785 मध्ये जेम्स हटन गेला, तेव्हा ग्रॅनाइट हा समुद्राच्या पाण्यातून साचलेला पृथ्वीवरचा सर्वांत जुना खडक आहे असे मानणाऱ्यांचा जोर होता. नदीच्या पात्रात त्याला तांबूस ग्रॅनाइटाच्या शिरा काळसर पट्टेदार खडकात घुसलेल्या आणि त्या खडकाचे थर तोडून गेलेल्या दिसल्या. घुसणारा पदार्थ घुसताना वितळलेला असला पाहिजे आणि ज्यात तो घुसला ते आधीपासून तिथे असले पाहिजे, हे दोन निष्कर्ष त्याने जागच्या जागी काढले. त्याचा आनंद पाहून बरोबरच्या वाटाड्यांना वाटले की साहेबांना सोन्याची किंवा रुप्याची शीर सापडली. हटनचा मित्र जॉन प्लेफेअर याने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

हटनचे काम एका अर्थाने सोपे होते. त्याच्यापुढे दोन अगदी वेगळे खडक होते, एक तांबूस आणि दुसरा काळा. दोन ग्रॅनाइट शेजारी आले की दोघांतही तीच गार, तेच फेल्डस्पार आणि तेच अभ्रक असते. फरक असतो तो प्रमाणाचा, कणांच्या आकाराचा आणि मांडणीचा. एकात फेल्डस्पारचे अंगठ्याएवढे स्फटिक बारीक कणांच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात, तर दुसऱ्यात सारे कण ज्वारीच्या दाण्यांसारखे एकाच मापाचे असतात. एकात हॉर्नब्लेंडच्या काळ्या कांड्या असतात, दुसऱ्यात ते शोधूनही सापडत नाही. वर शेवाळ आणि दगडफूल चढलेल्या, उन्हापावसाने राखट झालेल्या पृष्ठभागावर हे फरक दिसत नाहीत. हातोडीने ताजा कपचा काढून, दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून, पावलापावलावर तेच काम करावे लागते. भर उन्हात चार तास हे केल्यावर सगळे ग्रॅनाइट सारखेच दिसू लागतात, हेही इथे प्रामाणिकपणे सांगतो.

शीव सापडली की पहिला प्रश्न पडतो की आधीचा कोण आणि नंतरचा कोण. नंतर आलेला शिलारस आधीच्या खडकाच्या भेगांत घुसतो आणि त्याच्या शिरा शिवेपासून निघून शेजाऱ्यात बोटांसारख्या जातात, म्हणून ज्याची बोटे दुसऱ्यात रुतलेली असतात तो नंतरचा. आधीच्या खडकाचे तुकडे तुटून नंतरच्या शिलारसात पडतात आणि तिथेच अडकून राहतात. अशा परक्या तुकड्याला झेनोलिथ म्हणतात आणि ज्याच्या पोटात तुकडे असतात तो नंतरचा. आधीच्या ग्रॅनाइटात अभ्रकाच्या पत्र्या किंवा फेल्डस्पारच्या कांड्या एका दिशेला लागून जी वीण तयार झालेली असते, ती शिवेपाशी कात्रीने कापल्यासारखी थांबते. नंतरच्याची वीण शिवेला समांतर वळते, जशी ओढ्यात पडलेली पाने काठाला समांतर होऊन वाहतात. आणि आधीच्यात घुसलेला एखादा डाइक, म्हणजे भिंतीसारखा उभा पट्टा, शिवेवर येऊन तुटला असेल आणि पलीकडे मिळत नसेल, तर तो पुरावा मी सगळ्यांत पक्का मानतो. दोन ग्रॅनाइटांच्या मध्ये तिसऱ्याच एका खडकाची साक्ष तिथे मिळालेली असते, आणि त्याला या दोघांच्या भांडणात काही स्वार्थ नसतो.

पाठ्यपुस्तकांत आणखी एक खूण दिलेली असते, ती म्हणजे नंतरच्याच्या कडेची बारीक कणांची पट्टी. गरम शिलारस थंड भिंतीला टेकला की कडेला झटकन गोठतो आणि स्फटिकांना वाढायला वेळ मिळत नाही. विद्यार्थी शिवेवर पोचले की पहिल्यांदा हीच खूण शोधतात आणि सापडली नाही म्हणून हिरमुसतात. दोन ग्रॅनाइटांच्या शिवेवर ती क्वचितच सापडते, आणि तिचे नसणेच पुष्कळ काही सांगून जाते.

जमिनीखाली दहा किलोमीटरांवर एरवी तापमान 250 ते 300 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर पाणी धरून असलेला ग्रॅनाइटाचा शिलारस पूर्ण गोठायला तापमान 650 ते 700 अंशांपर्यंत उतरावे लागते. खडक उष्णतेचा फार वाईट वाहक आहे, आणि निवण्याचा वेळ पिंडाच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक किलोमीटर जाडीच्या पिंडाला उष्णता बाहेर टाकायला ढोबळमानाने 30 हजार वर्षे लागत असतील, तर दोन किलोमीटरांच्या पिंडाला चौपट, म्हणजे सव्वा लाख वर्षे, आणि दहा किलोमीटरांच्या पिंडाला 30 लाख वर्षे लागतात. आता असे समजा की पहिला पिंड येऊन वीस हजार वर्षे झाली आहेत. तो घट्ट झाला आहे, पण अजून पाचसहाशे अंशांवर तापलेला आहे, आणि तेवढ्यात दुसरा त्याच्या शेजारी येतो. या दुसऱ्याला थंड भिंत भेटतच नाही, मग कडेला बारीक कण कुठून येणार? शीव स्पष्ट आणि रेखीव असते, बोटे आणि तुकडे असतात, पण कणांचा आकार कडेपर्यंत तसाच राहतो. कधीकधी तर उलटेच होते, म्हणजे कडेला पाण्याची वाफ साठून तिथे फेल्डस्पारचे मोठे स्फटिक भिंतीला काटकोनात, कंगव्याच्या दातांसारखे, वाढलेले मिळतात.

पहिला पिंड त्याहूनही ताजा असेल, अर्धाअधिक स्फटिक झालेला पण स्फटिकांच्या मध्ये अजून रस असलेला, तर शीव रेखीवही राहत नाही. दोघांमधली रेषा ढगाच्या कडेसारखी फुगीर, गोलाकार होते. पहिल्यातले मोठे फेल्डस्पार सुटे होऊन दुसऱ्यात मिसळलेले दिसतात, आणि एका ठिकाणी पहिल्याची जीभ दुसऱ्यात तर शंभर पावलांवर दुसऱ्याची जीभ पहिल्यात गेलेली आढळते. अशा शिवेवर आधी कोण हा प्रश्न विचारून उपयोग नसतो, कारण दोघे एकाच वेळी ओले होते हेच तिचे उत्तर असते. आणि त्यापुढची पायरी म्हणजे जिथे शीव रेषाच नसते. शंभर-दोनशे मीटर चालत जाता जाता हॉर्नब्लेंड कमी होत जाते, गुलाबी फेल्डस्पार वाढत जाते, आणि आपण एका ग्रॅनाइटातून दुसऱ्यात कधी शिरलो हे कळत नाही. म्हणजे शिवेची धार किती तीक्ष्ण आहे यावरून दोन आगमनांमधल्या वेळेचा अंदाज बांधता येतो. माझ्या मते शिवेच्या अभ्यासातले हेच सर्वांत मोलाचे फळ आहे. आधी-नंतरचा निवाडा पुष्कळजण करतात आणि घरी जातात. दोघांच्या मध्ये किती अवधी गेला, हे विचारायला फार थोडे थांबतात.

आता माझ्या एका चुकीविषयी सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत झाशीच्या दक्षिणेला एका नाल्यात मला एक सुरेख उघडा खडक मिळाला. डावीकडे राखी, मध्यम कणांचा ग्रॅनाइट होता, उजवीकडे मोठ्या फेल्डस्पारचा गुलाबी होता, आणि राखीमध्ये तळहाताएवढ्या रुंदीच्या तीन गुलाबी शिरा गेलेल्या होत्या. मी वहीत लिहिले की गुलाबी नंतरचा आहे, छायाचित्र घेतले, शिवेचा उतार क्लिनोमीटरने मोजला आणि त्या एका जागेच्या आधारावर नकाशात शीव साडेचार किलोमीटर ओढून टाकली. अहवाल गेला आणि कुणी काही विचारले नाही. अकरा वर्षांनी एका विद्यार्थ्याला घेऊन मी पुन्हा तिथे गेलो आणि या वेळी ती शीव पायी चाललो, तिला अडीच दिवस लागले. नाल्यापासून दीड किलोमीटरवर एका सपाट खडकावर राखी ग्रॅनाइटाच्या पोटात गुलाबीचे टोकदार तुकडे होते, एक नव्हे तर पंधरावीस. त्यापुढे गुलाबीतली फेल्डस्पारची वीण शिवेवर येऊन तुटत होती आणि राखीची वीण शिवेला लागून वळत होती. म्हणजे राखीच नंतरचा होता. मग नाल्यातल्या गुलाबी शिरा कुणाच्या? परत जाऊन त्या शिरांचा माग काढला, तेव्हा त्या गुलाबी ग्रॅनाइटातूनही सरळ आरपार जात होत्या. मी अकरा वर्षांपूर्वी तिकडे पाहिलेच नव्हते, कारण गुलाबीवर गुलाबी दिसत नाही. त्या शिरा तिसऱ्याच एका ग्रॅनाइटाच्या होत्या. हा फिकट, काळ्या खनिजांचा जवळजवळ अभाव असलेला ल्यूकोग्रॅनाइट दोघांच्याही नंतर आलेला होता. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की शीर दिसली की तिचे मूळ सापडेपर्यंत तिच्या रंगावर भरवसा ठेवू नये. विद्यार्थी नम्र होता, वाटेत काही बोलला नाही.

फसण्याच्या आणखी दोन जागा आहेत. नंतर आलेला पिंड फार गरम असला, विशेषतः तो काळ्या, लोह-मॅग्नेशियमयुक्त शिलारसाचा असला, तर तो शेजारच्या जुन्या ग्रॅनाइटाला कडेला पुन्हा वितळवतो, आणि हे नवे वितळलेले जुने द्रव्य नव्या खडकाच्या भेगांत उलटे घुसते. मग जुन्याची बोटे नव्यात दिसतात आणि निवाडा उलटा होतो. दुसरी जागा प्रस्तरभंगाची. दोन पिंड एकमेकांशेजारी घुसून आलेलेच नसतात, पुढे कधीतरी जमीन सरकून ते शेजारी आणले गेलेले असतात. तेव्हा शिवेवर क्वार्ट्झचे कण चिरडून फितीसारखे लांबट झालेले आणि फेल्डस्पारचे स्फटिक भोवताली डोळ्यांसारखे उरलेले दिसतात. अशा शिवेवरून कोण आधी घुसला हे काढणे म्हणजे पुढे झालेल्या सोयरिकीवरून दोघांचे जन्मसाल काढण्यासारखे आहे.

इथे एखादा श्रोता विचारील की आजकाल खडकाचे वय प्रयोगशाळेत काढता येते, मग एवढी पायपीट कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बुंदेलखंडातच आहे. ग्रॅनाइटात झिर्कॉन नावाच्या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांत थोडे युरेनियम अडकलेले असते आणि ठरलेल्या गतीने त्याचे शिसे होत असते. या घड्याळाने बुंदेलखंडाच्या तीन मुख्य ग्रॅनाइटांची वये मोजली गेली आणि 2002 मध्ये ती प्रसिद्ध झाली. हॉर्नब्लेंड असलेल्या ग्रॅनाइटाचे वय 251 कोटी 60 लाख वर्षे, अधिक-उणे 40 लाख. बायोटाइट असलेल्याचे 251 कोटी 50 लाख, अधिक-उणे 50 लाख. आणि ल्यूकोग्रॅनाइटाचे 249 कोटी 20 लाख, अधिक-उणे एक कोटी. ही मोजमापे उत्तम आहेत. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट अर्ध्या टक्क्याच्या आत सांगणे हा विनोद नव्हे. पण पहिल्या दोघांमधला फरक दहा लाख वर्षांचा आहे आणि मोजण्यातली चूक त्याच्या चारपाच पट. त्या दहा लाख वर्षांत एक किलोमीटरचा पिंड तीस वेळा घुसून तीस वेळा निवू शकतो. त्या दोघांत आधी कोण आला हे घड्याळाला सांगता येत नाही, आणि दोघांमध्ये तीस हजार वर्षे गेली की तीन लाख, हे तर मुळीच नाही. शिवेला वर्षे मोजता येत नाहीत, क्रम मात्र सांगता येतो आणि अवधीची जात सांगता येते. घड्याळ आणि शीव यांनी एकमेकांच्या जागा घेऊ नयेत. प्रयोगशाळेत नमुना पाठवताना तो शिवेच्या कोणत्या बाजूचा आणि शिवेपासून किती पावलांचा, हे पिशवीवर लिहिलेले नसेल, तर आलेला आकडा कितीही नेमका असला तरी तो नेमका कशाचा, हा प्रश्न उरतोच.

तरुण बॅथोलिथांत हे घड्याळ अधिक बारीक चालते, आणि तिथे त्याने आमच्या जुन्या समजुतींना चांगलाच धक्का दिला. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा पर्वतात, योसेमिटीच्या परिसरात, टुआलमी नावाचा ग्रॅनाइटी पिंडांचा एक संच आहे. बाहेरून आत जाताना त्याचे घटक अधिकाधिक तरुण होत जातात, आणि त्यांच्यामधल्या सीमा काही ठिकाणी रेखीव तर काही ठिकाणी हळूहळू बदलणाऱ्या आहेत. अशा सौम्य सीमा पाहून पूर्वी असे मानले जाई की शिलारसाची एक प्रचंड टाकी होती आणि ती बाहेरून आत गोठत गेली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या झिर्कॉनच्या वयांनी दाखवले की हा संच सुमारे 9 कोटी 50 लाख ते 8 कोटी 50 लाख वर्षांपूर्वीच्या काळात, म्हणजे जवळजवळ एक कोटी वर्षे, भरत होता, आणि त्यातल्या हाफ डोम नावाच्या एकट्या पिंडाच्या निरनिराळ्या भागांच्या वयांत सुमारे 40 लाख वर्षांचा फरक आहे. एवढा काळ एक टाकी वितळलेली राहूच शकत नाही. म्हणजे जो पिंड नकाशात एका रंगात रंगवला आहे, त्याच्या पोटातही सीमा असल्या पाहिजेत, फक्त दोन्ही बाजूंचा खडक सारखा असल्याने आणि दीर्घ काळ गरम राहून कण पुन्हा वाढल्याने त्या पुसल्या गेल्या आहेत. काही अभ्यासकांना हे सगळे मान्य नाही. त्यांच्या मते मोठ्या टाक्या असतात, त्या अधूनमधून भरल्या जातात आणि नव्या रसात जुने झिर्कॉन मिसळून आल्याने वयांचा पसारा वाढतो. हा वाद अजून चालू आहे. मला स्वतःला तुकड्यातुकड्यांनी भरत गेल्याचा पक्ष अधिक पटतो, याचे कारण उष्णतेचा हिशोब हे आहे, शिवाय आयुष्यभर मी ज्या सीमा चाललो त्यांतल्या निम्म्याहून अधिक मला पहिल्या फेरीत दिसल्याच नव्हत्या हेही आहे.

न दिसणाऱ्या शिवेसाठी आता काही साधने मदतीला आली आहेत. 1977 मध्ये जपानचे शुन्सो इशिहारा यांनी ग्रॅनाइटांची मॅग्नेटाइट असलेले आणि इल्मेनाइट असलेले अशी विभागणी केली. पहिल्या प्रकारातला खडक चुंबकाला दाद देतो, दुसऱ्यातला जवळजवळ देत नाही. ही दाद मोजणारे, हातात मावणारे उपकरण खडकाला टेकवले की काही सेकंदांत आकडा मिळतो. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन ग्रॅनाइटांत तो आकडा दसपटीने वेगळा असू शकतो. दर पन्नास पावलांवर आकडा घेत गेले की एका ठिकाणी तो उडी मारतो, आणि शीव त्या उडीच्या आसपास असते. आकडा झिजलेल्या पृष्ठभागावर मात्र घेऊ नये, कारण तिथे मॅग्नेटाइट गंजून गेलेले असते. गिट्टीच्या खदानी, रेल्वेचे कापीव मार्ग, विहिरीच्या काठावर टाकलेला दगड, यांचाही मोठा उपयोग होतो. झाशीच्या बाजूचा तांबडा ग्रॅनाइट ‘झाशी रेड’ या नावाने बाजारात जातो. त्याच्या करवतीने कापलेल्या फरशीवर शिवेच्या अभ्यासकाला जे सुख मिळते ते डोंगरात मिळत नाही. खदानीवाले मध्ये काळा गोळा किंवा फिकट शीर आलेली फरशी डाग म्हणून बाजूला टाकतात, आणि आम्ही नेमक्या त्याच ढिगाऱ्यापाशी बसतो.

एक गोष्ट थोडक्यात सांगतो. दोन पिंड नेहमी एकमेकांना टेकलेलेच असतात असे नाही. कधीकधी मध्ये त्यांच्याहून पुष्कळ जुन्या खडकाची चिंचोळी पट्टी शिल्लक राहते. बुंदेलखंडात बबीना ते मऊरानीपूर या पूर्व-पश्चिम पट्ट्यात ग्रॅनाइटांच्या मध्ये अशा जुन्या खडकांचे अवशेष आहेत, आणि या प्रदेशातल्या पट्टेदार नाइस खडकांपैकी काहींचे वय 320 कोटी वर्षांहून अधिक निघाले आहे. ग्रॅनाइट येण्याआधी तिथे काय होते याची एवढीच कागदपत्रे उरली आहेत. पट्टीच्या दोन्ही बाजू स्वतंत्र शिवा म्हणून नोंदवाव्यात. तिला ‘दोन ग्रॅनाइटांमधला संपर्क’ म्हणून एकाच रेघेत उडवलेले मी नकाशांत पाहिले आहे, आणि तरुणपणी स्वतः केलेलेही आहे.

या प्रदेशात शीव कोणत्या काळाच्या आधीची असली पाहिजे हे ठरवणे तुलनेने सोपे आहे, कारण निसर्गाने इथे दोन मोठ्या रेघा मारून ठेवल्या आहेत. सगळे ग्रॅनाइट गोठल्यानंतर ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने गारेच्या प्रचंड भिंती उभ्या राहिल्या. झाशी-टीकमगढकडे जाताना दिसणाऱ्या लांबच लांब, पांढुरक्या, करवतीच्या पात्यासारख्या टेकड्या त्या याच. आणि वायव्य-आग्नेय दिशेने काळ्या डाइकांचे थवे आले, त्यांतल्या मुख्य थव्याचे वय सुमारे 198 कोटी वर्षे आहे. नकाशावर काम करताना एखादी ‘शीव’ या दोन दिशांपैकी एखाद्या दिशेला अगदी सरळ धावू लागली, तर मी आधी शंका घेतो की ती पिंडाची कडच नसावी. ती भेग असेल, किंवा गारेच्या भिंतीची झिजलेली मान असेल. पिंडाच्या कडा इतक्या सरळ धावत नाहीत.

ज्यांनी रविवारच्या सहलीसाठी नावे दिली आहेत त्यांच्यासाठी आता दोन शब्द. आपण पहाटे निघून आधी दतियाजवळ थांबू आणि मग ओरछ्याला बेतवेच्या पात्रात उतरू. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी उतरलेले असते आणि पुराने घासलेला खडक स्वच्छ असतो, तिथे दगडफूल नाही आणि मातीही नाही. हातोडी आणू नका. धुतलेला, गुळगुळीत पृष्ठभाग फोडला की पुढच्या माणसाचा पुरावा जातो, आणि नदीने घासून ठेवलेल्या खडकावर फोडण्याची गरजही पडत नाही. प्रत्येकाने पाण्याची एक बाटली पिण्यासाठी आणि एक खडकासाठी आणावी. कोरड्या ग्रॅनाइटावर जे दिसत नाही ते ओल्यावर दिसते. पाणी ओतले की फेल्डस्पार उजळतो, गार काळवंडते आणि कणांची वीण वर येते. मी कोणत्या जागी थांबायचे ते सांगेन, पण शीव कुठे आहे ते सांगणार नाही. प्रत्येकाने आपापल्या वहीत पात्राचा लहानसा नकाशा काढावा, स्वतःला दिसते तिथे रेघ मारावी, ज्या बाजूला तुकडे दिसतील तिथे फुली करावी, आणि वह्या दुपारच्या जेवणानंतरच उघडाव्यात. मागच्या खेपेला नऊ वह्यांत सहा वेगवेगळ्या रेघा होत्या. त्यांतली एक माझी होती, आणि जेवण झाल्यावर पुन्हा पात्रात उतरून ती मला पुसावी लागली.